शब्दचर्चा : ‘ब्रँड’ म्हणजे छाप, नाममुद्रा की नाव?

मी सोलापुरातल्या चादर-टॉवेल कारखान्यांसाठी माहितीपत्रकं आणि खोक्यांवरचा मजकूर लिहितो. गेल्या आठवड्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका मालकांचं, अण्णांचं, चार पानी इंग्रजी पत्रक मराठीत करायला आलं. पहिल्याच पानावर सात ठिकाणी ‘ब्रँड’. मी सगळीकडे ‘नाममुद्रा’ केलं. अण्णांनी मजकूर वाचला आणि विचारलं, “सर, मुद्रा म्हणजे नाणं ना? चादरीला नाणं कसं?” त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, पण धंदा सगळा मराठीत. ज्याचं पोट या गोष्टीवर आहे त्यालाच शब्द कळत नसेल, तर खोट शब्दात आहे. म्हणून ही चर्चा इथे मांडतो.

माझं म्हणणं असं, की या एका इंग्रजी शब्दात मराठीतल्या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक छाप आणि दुसरं नाव. छाप मालक मारतो. नाव मात्र गिऱ्हाईक देतं, आणि गिऱ्हाईकच ते काढून घेतं.

‘छाप’ आपल्या बाजारातला जुना, पक्का शब्द. गाय छाप जर्दा कोणाला माहीत नाही? ज्याला अक्षर वाचता येत नाही तोही चित्रावरून माल ओळखतो, आणि दुकानदाराने दुसरा पुडा पुढे केला तर परत देतो. विडीच्या बंडलावरच्या कागदाचंही तेच. ‘मार्का’ याच घरातला. जाहिरातवाली मंडळी म्हणतात, ‘छाप’ला खेडवळ वास येतो. मला तो येत नाही. पहिल्याच भेटीत छाप पाडली, असं आपण शहरातही म्हणतोच की.

आता ‘नाव’. सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, अर्धा तास उभं राहा: “त्यांचं नाव चालतं”, “नुसत्या नावावर माल जातो”, “एका लॉटने नाव घालवलं”. मोठ्या कंपन्या ज्याला ब्रँड इक्विटी म्हणतात आणि कंपनी विकताना ज्याचे कोट्यवधी रुपये लावतात, ते हेच ‘नाव चालणं’. कोणी ‘पत’ सुचवेल. पण पत उधारीशी बांधलेली आहे. पेठेत पत असलेल्या व्यापाऱ्याचा माल चालेलच असं नाही.

प्रतिसाद (जुळे सोलापूर, निवृत्त शिक्षिका): इंग्रजी ‘ब्रँड’चं मूळ जाळण्यात आहे. तापल्या लोखंडाने गुराच्या अंगावर खूण करायची, म्हणजे आपलं ‘डागणं’. गंमत वाटते ती अशी, की त्यांच्याकडे त्या डागाचा मान झाला आणि आपल्याकडे डाग म्हणजे कलंक. ‘नावाला डाग लागला’ या तीन शब्दांत मराठीने दोन्ही कल्पना समोरासमोर उभ्या केल्यात. तेव्हा तुमचं ‘नाव’ मला पटतं. ‘नाममुद्रा’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण ती ऐकली की राजमुद्रा आठवते, दुकान आठवत नाही.

ताई, अगदी हेच शोधत होतो. ‘नावाला डाग’ माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

प्रतिसाद (साबण-पावडरचा वितरक, 30 वर्षं): शब्द ठरवताना कंपन्यांचे डावही बघा. सर्फ आपल्याकडे 1959 साली आलं. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केलं आणि ते इतकं स्वस्त होतं, की सर्फ ज्या घरात कधी गेलंच नव्हतं त्या घरात ते पोचलं. सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरपुढे पेच असा: सर्फचा भाव पाडावा तर सर्फचं नाव उतरतं, न पाडावा तर खालचं गिऱ्हाईक हातचं जातं. त्यांनी 80च्या दशकात ‘व्हील’ नावाने वेगळा स्वस्त माल काढला. निरमाशी टक्कर व्हीलने द्यायची, सर्फने वरच राहायचं. याला ‘फायटर ब्रँड’ म्हणतात. ‘लढाऊ ब्रँड’ असं भाषांतर एका मासिकात वाचलं, पण त्यातून अर्थच निसटतो. लढणं हे निमित्त, खरं काम वरच्या नावाची राखण.

काका, मग ‘आडोसा’ कसा वाटतो? वारा-पाऊस बाहेरच्या भिंतीने घ्यायचा, आतला दिवा जळत राहायचा. ‘आडोशाचं नाव’ म्हटलं तर दुकानदाराला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद (महाविद्यालयातला विद्यार्थी): ‘अँबुश मार्केटिंग’ला आमच्या पुस्तकात ‘दबा विपणन’ दिलंय. सर, हे बरोबर आहे का?

मला पटत नाही. 1996च्या क्रिकेट विश्वचषकाचं अधिकृत शीतपेय होण्याचा मान कोका-कोलाने पैसे मोजून घेतला होता. पेप्सीने ‘यात अधिकृत काहीच नाही’ अशा अर्थाची जाहिरात देशभर गाजवली. दबा धरणारा लपून बसतो; इथे तर भर चौकात आरोळी होती. दुसऱ्याने भाड्याने घेतलेल्या मांडवात शिरून टाळ्या आपण घेणं, याला मराठीत ‘कुरघोडी’ हा तयार शब्द आहे. ‘प्रायोजकत्वावर कुरघोडी’ लिही, परीक्षकालाही कळेल. ‘विपणन’बद्दल मात्र मी हात टेकले, तो पाठ्यपुस्तकातच राहणार.

आता आपल्या गावाकडे. ‘सोलापुरी’ या विशेषणाला काय म्हणायचं? ती कोणा एकाची छाप नाही. 2005-06 मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, आणि ते गावाच्या मालाला आहे, एका कारखान्याला नाही. कारखान्याचं व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) वेगळं नोंदवावं लागतं. म्हणजे कायद्यानेही छाप आणि नाव वेगळे धरले. बाहेर विणलेल्या पातळ चादरीवर ‘सोलापुरी’ची चिठ्ठी शिवून ती विकली जाते, तेव्हा चोरी छापेची होत नाही, नावाची होते. इथे माग चालवणाऱ्या प्रत्येक घराच्या ताटातलं जातं ते. मला याचा मनापासून राग येतो.

अण्णांकडे परत गेलो तेव्हा त्यांनी काउंटरवर चादर पसरली आणि काठ माझ्या हातात दिला. कारखान्याचं नाव काठातच विणलेलं. मग चादर उलटी केली: रंगांची अदलाबदल झालेली, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. “जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नाव असं येतं, सर. चिठ्ठी उसवता येते. हे काढायचं तर चादर फाडावी लागेल.” मी काठावरून बोट फिरवत होतो. अक्षराची कड हाताला लागत होती.

पत्रकात शेवटी असं केलं: जिथे चित्र आणि खूण आहे तिथे ‘छाप’, जिथे गिऱ्हाइकाचा विश्वास आहे तिथे ‘नाव’. सात ठिकाणांपैकी पाच ‘नाव’ झाली, एक ‘छाप’. सातवं वाक्य ‘आमचा ब्रँड आमच्या कापडात आहे’ असं होतं. तिथे अण्णांनी स्वतः पेन घेऊन लिहिलं: ‘आमचं नाव विणलेलं आहे.’

‘पोझिशनिंग’, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात आपल्या मालाची जागा ठरवणं, अजून अडलंय. ‘स्थाननिश्चिती’ नको. बाजारात बोलला जाणारा शब्द कोणाकडे असेल तर सांगा, पत्रक सोमवारी छापायला जातंय.