खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी टाकीत चालत नाही

घरच्या समुद्री पाण्याच्या टाकीत ख्रिसमस ट्री वर्म (रंगीत पिसाऱ्याचा समुद्री किडा) पाळायचा तर त्याला रोज फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती) दिलं की झालं, असं काही जण म्हणतात; ते अर्धंच खरं आहे. तो किडा पोराइट्स जातीच्या जिवंत दगडी प्रवाळातल्या चुन्याच्या नळीत राहतो; प्रवाळ मेलं तर तोही सहसा फार दिवस टिकत नाही. असे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित आहेत, म्हणून मी त्या किड्याचा भाऊबंद फेदर डस्टर (हाही नळीत राहणारा, पिसाऱ्याचा किडा) पाळला.

पण "आमचं बोअर खारंच आहे, तेच टाकीत भरतो" हे कृपा करून कोणी करू नका. मी दर्यापूरकडचा, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे. हीच चूक मी केली आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, टाकीवर पंखा लावलेला, रोज दोन-अडीच लिटर पाणी उडून जायचं. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. वरून मी बोअरचं घालत गेलो, म्हणजे रोज नवे क्षार, आणि तेही समुद्राच्या प्रमाणातले नाहीतच. पंधरा दिवसांत किड्यानं पिसारा टाकून दिला. फार जीव तुटला तेव्हा. मग घट भरून काढायला फक्त आरओचं पाणी, खारेपणा रोज मोजून विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२५ च्या आसपास, आणि लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअरपंप. नळी फेकू नका, आत किडा जिवंत असू शकतो. माझ्याकडे दीडेक महिन्यानं छोटा पिसारा पुन्हा बाहेर आला.