परदेशी पाहुणी घरी राहणार आहे, पोलिसात कळवावं लागतं का?

रिंगरोड_जळगाव:
नमस्कार मंडळी, भाच्याच्या ओळखीची एक जर्मन मुलगी अजिंठा बघायला येतेय, महिनाभर आमच्या वरच्या खोलीत राहणार. भाडं वगैरे काही घेणार नाही. शेजारचे काका म्हणे कळवलं नाही तर घरमालकावर केस होते, वडील म्हणतात पाहुणी आहे ती, भाडेकरू थोडी, कशाला सांगायचं कोणाला. आईला आत्तापासूनच टेन्शन. पोलीस स्टेशनला भाडेकरूचा फॉर्म भरून दिला की झालं का?

पहूर_रस्ता:
नाही भाऊ, तो फॉर्म वेगळा आणि हा वेगळा, सगळे इथंच गोंधळतात. भाडेकरूची माहिती स्थानिक ठाण्याला जाते. परदेशी माणूस मुक्कामाला आला की सी-फॉर्म भरायचा, तो ऑनलाइन इमिग्रेशनच्या पोर्टलवर, आल्यापासून २४ तासांच्या आत. आणि भाडं घेता की नाही याचा काही संबंध नाही, हॉटेल असो, धर्मशाळा असो की आपलं राहतं घर, ज्याच्या छताखाली माणूस झोपतो त्याने कळवायचं. पाहुणीने नाही, तुम्ही. आम्ही अजिंठ्याला जाणारे पाहुणे ठेवतो, प्रत्येकाचा भरतो.

रिंगरोड_जळगाव:
अरे बापरे, मग काय काय लागतं?

पहूर_रस्ता:
तिचा पासपोर्ट, व्हिसा, फोटो, भारतात कधी उतरली, तुमच्याकडे कुठून आली, पुढं कुठं जाणार. पण आधी तुमच्या घराच्या नावाने पोर्टलवर लॉगिन काढावं लागतं, त्याला मंजुरी लागते, म्हणून ती येण्याच्या आधीच करून ठेवा, ती दारात उभी असताना पळापळ नको. आपल्याकडे जिल्ह्याचे एसपी साहेबच परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात, अडलं तर त्यांच्या ऑफिसात विचारा. गेली की जाण्याची तारीख पण टाका.

धुळ्याचा_वकील:
वडिलांना एक सांगा, हे नवीन खूळ नाही, १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यापासून चालत आलंय. आता तो जुना कायदा गेला, १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू झाला, त्याचं कलम ८ मुक्काम देणाऱ्यावर हीच जबाबदारी टाकतं, पुढची कलमं कॉलेज आणि हॉस्पिटलवर. नव्या नियमात फॉर्मचा नंबर बदलला तरी लोक सी-फॉर्मच म्हणतात, तुम्ही पण तसंच विचारा म्हणजे लगेच कळेल. आणि फॉर्मची पावती सेव्ह करा, तीच तुमचा पुरावा.

भुसावळची_ताई:
मला वाटतं त्या मुलीसाठी पण हे चांगलंच आहे. परक्या गावात एकटी पोरगी, उद्या पासपोर्ट हरवला, आजारी पडली, तर ती कुठं राहते हे सरकारला माहीत असलेलं बरं. आईंना सांगा, लपवलं तर टेन्शन, कळवलं तर काय टेन्शन. आणि तिला आत्ताच मेसेज टाका पासपोर्ट-व्हिसाचे स्पष्ट फोटो पाठव म्हणून.

रिंगरोड_जळगाव:
टाकला ताई. वडिलांना पण वाचून दाखवलं, लॉगिनचं आज रात्री बसतो.