आल्टगेल्ड यांनी कैदी सोडले ते ठीक, पण ते निवेदन हवेच होते का?

मूळ लेखन
अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे राज्यपाल जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी २६ जून १८९३ रोजी हेमार्केट खटल्यातील (शिकागोच्या हेमार्केट चौकात १८८६ साली मजुरांच्या सभेत झालेल्या बॉम्बस्फोटाचा खटला) फील्डन, नीबी आणि श्वाब या तिघा कैद्यांना मुक्त केले. (तिथला राज्यपाल मतदारांनी निवडून दिलेला असतो, आपल्याकडच्यासारखा नेमलेला नव्हे.) सुटकेला माझा आक्षेप नाही, दयेची मागणी शिकागोतील कित्येक प्रतिष्ठितांनीही केली होती आणि दोन ओळींच्या आदेशात काम भागले असते. आल्टगेल्ड यांनी मात्र लांबलचक निवेदन काढून, ज्यूरी (आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) ठरवून निवडली आणि खटला चालवणारे न्यायाधीश गॅरी पक्षपाती होते, असा जाहीर ठपका ठेवला. राज्याच्या प्रमुखानेच न्यायासनाची अब्रू चव्हाट्यावर मांडावी का? १८९६ साली ते निवडणूक हरले आणि मजुरांसाठी आरंभलेले कामही त्यामुळेच अर्धवट राहिले.

प्रतिसाद १
असहमत. ४ मे १८८६ च्या रात्री काय घडले ते आधी पाहा. आदल्या दिवशी पोलिसांनी संपकऱ्यांवर केलेल्या गोळीबाराचा निषेध करणारी ती सभा होती. पावसाच्या चिन्हांनी बरेच लोक पांगले होते, महापौर हॅरिसन सभा शांत असल्याचे पाहून निघून गेले होते आणि गाडीवर उभे असलेले फील्डन भाषण आवरत होते, तेवढ्यात पोलिसांची तुकडी चालून आली आणि बॉम्ब पडला. तो कोणी फेकला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही, तरी खटल्यातले आठही आरोपी दोषी ठरले आणि चौघे फासावर गेले. नीबी तर सभेला हजरही नव्हते! ज्यूरीसाठी चिठ्ठ्या काढण्याऐवजी एका खास बेलिफाला माणसे गोळा करायला धाडले होते. अशा कैद्याला नुसती दया दाखवणे म्हणजे ‘गुन्हा तुमचाच, पण जा’ असे म्हणणे झाले. कारणे लिहिली नसती तर कलंक तसाच राहिला असता.

प्रतिसाद २
हे सगळे मान्य केले तरी १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला होता, याचा उल्लेख वरच्या प्रतिसादात नाही. राज्यपालाला माफीचा अधिकार असतो, अपील ऐकण्याचा नव्हे. आल्टगेल्ड स्वतः कुक काउंटीत (शिकागो ज्यात येते तो जिल्हा) न्यायाधीश होते, त्यांना हा फरक शिकवण्याची गरज नव्हती.

प्रतिसाद ३
मूळ लेखातील शेवटच्या वाक्यापुरते लिहितो, कारण तिथे कालक्रम चुकला आहे. १८९३ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना आठ तासांची मर्यादा मिळाली आणि अंमलबजावणीसाठी आल्टगेल्ड यांनी फ्लॉरेन्स केली यांना मुख्य निरीक्षक नेमले. ती मर्यादा १८९५ मध्ये न्यायालयाने रद्द केली, तेव्हा आल्टगेल्ड पदावरच होते. पराभवाचे खापरही एकट्या निवेदनावर फोडता येत नाही: १८९४ च्या पुलमन या रेल्वे संपात राज्याने मागितले नसताना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सैन्य पाठवले म्हणून आल्टगेल्ड त्यांच्याशी भांडले, आणि वृत्तपत्रांनी त्यांना अराजकवादी ठरवून टाकले. प्रत्यक्षात राज्याची सशस्त्र दले त्यांनी स्वतःही पाठवली होती.

मूळ लेखकाचे उत्तर
आठ तासांबाबत माझी चूक झाली, ते वाक्य मागे घेतो. गॅरींबद्दलचा आक्षेप मात्र कायम आहे. ज्यूरी कशी निवडली ते लिहिणे पुरेसे होते. न्यायाधीशाच्या मनातला द्वेष सांगायला राज्यपालाकडे कोणते साधन होते?