टाकी ९ टक्क्यांवर, तरी टँकरला निरोप का गेला नाही?

*सोसायटी ग्रुप, जळगाव*

नाना (अ-१०२): काल रात्री साडेदहाला नळ कोरडे. टाकी ३० टक्क्यांखाली गेली की टँकरवाल्याला आपोआप निरोप जातो म्हणाला होतास ना भो?

ताई (क-२०३): आमच्याकडे आई आजारी. शेजारून दोन बादल्या आणल्या.

मी (ब-३०४): नाना, ताई, चूक माझी. वॉचमनदादांनी सातला ९ लिहिलं, ते बरोबरच होतं. नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जेसन म्हणून, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या मोकळ्या मजकुरात, पडते. ती पडली की ट्रिगर, म्हणजे डेटाबेसमधला आपोआप चालणारा कोड, चालतो, नियमांच्या टेबलातली मर्यादा वाचतो आणि ताडून बघतो. घोळ ताडण्यात झाला. जेसनमधून मी किंमत मजकूर म्हणून काढत होतो, मर्यादाही मजकूर म्हणूनच ठेवलेली. मजकुरात आधी पहिलं अक्षर बघतात. ९ हे ३ च्या पुढे, म्हणून ९ हे ३० पेक्षा मोठं ठरलं. २८, २५ ला नीट चालायचं, म्हणून कळलंच नाही.

वहिनी (अ-४०१): मग अखजीला टाकी काठोकाठ असताना टँकर दारात उभा होता, तोही यामुळेच?

मी: हो वहिनी! १०० मधला १ हा ३ च्या आधी येतो. तेव्हाच शोधायला हवं होतं. उलट दादांनाच बोललो, तुम्ही १० लिहिलं असेल म्हणून. आज सकाळी त्यांची माफी मागितली.

आप्पा (ब-१०१): मग साधे रकाने करा ना. जेसन कशाला?

मी: आप्पा, उन्हाळ्यात बोअरची पातळी, गणपतीत जनरेटरचं डिझेल, फॉर्म सारखा बदलतो. त्याला जेसन सोयीचं. पण ज्या आकड्यावर नियम चालतो तो असा मोकळा सोडायचा नाही. पोस्टग्रेस १२ पासून (२०१९) जेसनमधून आपोआप भरणारा रकाना करता येतो. टाकीसाठी तोच केला, प्रकार अंक, रिकामा चालणार नाही. आता कोणी ‘अर्धी’ लिहिलं किंवा आकडा राहिला, तर नोंद तिथेच अडेल. आधी आकडा नसला की तुलना खरीही नाही, खोटीही नाही, आणि नियम गप्प बसायचा.

नाना: आणि मर्यादा? मे महिन्यात ३० म्हणजे उशीर. टँकर यायलाच चार तास लागतात.

मी: ती टेबलातली एक ओळ आहे, कोडला हात लावायला नको. ४५ केली. ८ आणि १०० टाकून बघितलं. ८ ला निरोप तयार झाला, १०० ला नाही.

नाना: ९ टाक.

मी: टाकलं. झाला निरोप.