शब्दचर्चा: रोख्यांची ‘तरलता’ की ‘रोखता’?

नौपाडेकर: एका सहकारी बँकेच्या अहवालात वाक्य आहे, ‘सरकारी रोख्यांची तरलता काळानुसार बदलते.’ तरल म्हटलं की कविता आठवते. ‘रोखता’ बरं नाही का?

वाशीकर: पाठ्यपुस्तकांत रोखताच आहे: रोखता पसंती, वैधानिक रोखता प्रमाण. पण ‘रोख्यांची रोखता’ तीनदा भरभर म्हणून पाहा! आमच्या कांदा-बटाटा बाजारात सरळ ‘उठाव’ म्हणतात. मालाला उठाव आहे किंवा नाही.

बेलापूर_ट्रेझरी: उठाव एकतर्फी. घेणाऱ्यांची झुंबड आहे नि विकणारा कोणीच नाही, तरी उठाव जोरातच म्हणाल. इथे मोठा सौदा, घ्यायचा असो वा विकायचा, भाव फारसा न हलवता उरकतो का, हे बघायचं असतं.

समजा, सध्या भरपूर सौदे होणाऱ्या चालू रोख्याला दर्शनी शंभर रुपयांमागे खरेदीदार १०१.२० देतोय नि विक्रेता १०१.२१ मागतोय. एनडीएस-ओएमवरचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या सरकारी रोख्यांच्या ऑनलाइन बाजारातला, नेहमीचा सौदा दर्शनी ५ कोटींचा. घेऊन लगेच विकला तर १ पैशाच्या दरीत ५,००० रुपये जातात. जुन्या पेपरात, म्हणजे जुन्या रोख्यात, दरी २५ पैशांची असेल तर १,२५,००० रुपये. सरकार तेच, हमी तीच.

आता ‘काळानुसार’. ७.१० टक्के २०३४ (आधी व्याजदर, मग परतफेडीचं वर्ष) हा रोखा एप्रिल २०२४ मध्ये आला आणि दहा वर्षांचा मापदंड झाला, म्हणजे बाजार ज्याच्याकडे बघून भाव जोखतो तो रोखा. ऑक्टोबरमध्ये ६.७९ टक्के २०३४ आला, तसे सौदे हळूहळू तिकडे सरकले. जुना पेपर बुडत नाही, पण विमा कंपन्या नि बँका तो मुदतीपर्यंत धरून बसतात. मग पडद्यावर बोली दिसते ती दूरची, कधी कधी दिसतही नाही. अशा वेळी शेवटच्या सौद्याचा भाव बघून पुस्तकी किंमत लावली की फसगत ठरलेली, कारण तो सौदा कित्येक दिवसांपूर्वीचा असू शकतो.

नौपाडेकर: पण बातम्यांत तर ‘बँकांकडे तरलता मुबलक’ असं असतं.

बेलापूर_ट्रेझरी: घोळ इथेच आहे. ती बँकिंग व्यवस्थेतली शिल्लक रोकड. रिझर्व्ह बँकेच्या हिंदी कागदांत तिला ‘चलनिधि’ म्हणतात. ती मुबलक असूनही एखादा जुना रोखा विकताना घाम फुटतो. दोन्हींना एकच शब्द लावला की वाचणारा चुकीचा निष्कर्ष काढणारच.

वाशीकर: मग बाजाराला ‘खेळता’ म्हणू या? खेळतं भांडवल, खेळती हवा, तसा खेळता रोखा.

बेलापूर_ट्रेझरी: ‘खेळता रोखा’ झकास. ‘खेळतेपणा’ मात्र अहवालात कोणी छापणार नाही.

नौपाडेकर: आणि ‘तरलता आटली’?

बेलापूर_ट्रेझरी: चालेल, पण कशाची ते लिहा. तुमचं वाक्य असं करा: ‘नवा मापदंड रोखा आला की जुन्यातले सौदे आटतात आणि खरेदी-विक्रीच्या भावांतली दरी वाढते.’ यात तरलताही नको, रोखताही नको.