मुरुमांच्या खड्ड्यांवर सुया: लग्नाआधी करून घ्याव्यात का?

सुरंगी:
धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात, चिपळूणला. गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत म्हणून मायक्रोनीडलिंग करायचं तिच्या डोक्यात बसलंय. माझं मत सरळ आहे, करू नये. धडधाकट गालात दीड मिलिमीटरच्या सुया टोचून रक्त काढायचं आणि वर पैसेही मोजायचे! आमच्या आजीने जन्मभर खोबरेल सोडून तोंडाला काही लावलं नाही.

काजूबोंड:
आजीला खड्डे होते का? खोबरेलाने ते भरत नाहीत. बारीक जखमा झाल्या की त्या भरायला शरीर नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, बनवतं आणि खड्डा हळूहळू उथळ होतो, एवढंच यामागचं गणित. १९९७ मध्ये कॅमिरँड आणि डुसेट या डॉक्टरांनी गोंदणाचं यंत्र शाई न घालता व्रणांवर चालवून हेच दाखवलं. मुरुमांच्या व्रणांसाठी सुया टोचणाऱ्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१८ मध्ये मान्यताही दिली. मी स्वतः चार वेळा करून घेतलंय, दर महिन्याला एकदा. गाल गुळगुळीत झाला नाही, पण फोटोत सावली पडायची ती कमी झाली.

कातळसडा:
गो बाय, नाव काजूबोंड आणि हे विसरलीस? ओली बी सोलताना चीक उडला की कातडी भाजते, साल निघते आणि काळा डाग किती महिने राहतो? सावळ्या कातडीला जखम झाली की तिथे रंग साचतो. सुईचंही तेच. त्यात चैत्रातलं आमचं ऊन. सनस्क्रीन लावून एसटी स्टँडपर्यंत जा, घामाने पदरात उतरतं.

काजूबोंड:
चीक वरची कातडी जाळतो. सुई ती जागेवर ठेवते, म्हणून लेझरपेक्षा काळे डाग पडायचं भय कमी. नाहीच असं म्हणत नाही. उन्हाचं मात्र शंभर टक्के मान्य. मी आषाढात सुरू केलं होतं, घराबाहेर पडायचंच नव्हतं.

सुरंगी:
इथली पार्लरवाली निम्म्या पैशात करते म्हणे. सुयांचा रोलर स्पिरिटने पुसून घेते.

काजूबोंड:
मग मी तुझ्या बाजूने! सुया एका माणसाच्या, त्याही एकदाच. पुसलेला रोलर म्हणजे दुसऱ्याचं रक्त. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये सुया टोचून रक्ताचं फेशियल (आपल्याच रक्तातला भाग चेहऱ्यावर लावतात ते) करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा. मुरूम अजून पिकत असतील किंवा जखमेवर गाठीसारखा व्रण उठत असेल, तर तेही आधी सांगा.

कातळसडा:
आणि दिवस मोजा. आत्ता शिमगा. कोलॅजन बनायला तीन-चार महिने लागतात. वैशाखात खड्डे तसेच असणार, वर सोललेल्या गालांवर हळद!

सुरंगी:
हे तिला वाचून दाखवलं. आता म्हणते, मृग लागल्यावर करीन. मी अजून विरोधातच. मुलाने खड्ड्यांसकटच पसंत केलंय तिला. पण तेव्हा पैसे तिचे असतील, बाबांचे नाहीत.