मदत हवी आहे: ओटीपी टाकला तरी खातं उघडेना, उद्या पैसे लागणार

मांजराकाठ · रात्री ८:४०
कालपासून क्रिप्टोच्या खात्यात लॉगिन होईना. पासवर्ड घेतो, पण ओटीपी टाकला की "चुकीचा कोड". वीस-बावीस वेळा टाकून पाहिला, आता पंधरा मिनिटं थांबा म्हणायलंय. उद्या बहिणीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचेत, त्यातलेच काढणार होतो. लवकर होईल असा उपाय सांगा. क्रिप्टोत कशाला पडलास, हे कृपया आज नको.

बिंदुसरा · ८:४६
अ‍ॅपवर करताय का कॉम्प्युटरवर? ओटीपी येतच नाही, का येतो पण चालत नाही? अगोदर चालत होतं का?

मांजराकाठ · ८:४९
अहो येतो की. सहा आकडी. परवापर्यंत व्यवस्थित चालत होतं.

सिमवाला_परभणी · ८:५५
नेटवर्कचा घोळ आहे. मेसेज उशिरा पोचला की ओटीपी जुना होतो. माझं मोबाईलचं दुकान आहे, रोज असे गिऱ्हाईक येतात. सिम काढून मऊ कापडानं पुसून घाला, फोन बंद करून चालू करा. नाहीच जमलं तर सकाळी आधार घेऊन जा आणि त्याच नंबरचं नवीन सिम काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

तेरणा · ९:०१
नवीन सिम अजिबात काढू नका! सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे उद्याचं काम गेलंच. आणि दुसऱ्याच्या नावचं सिम काढून खाती रिकामी करतात म्हणून तर १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. नंबरवर येणारा ओटीपी हीच कच्ची कडी आहे. मी तो सगळीकडून काढून टाकलाय.

सिमवाला_परभणी · ९:०६
ताई, सरसकट असं म्हणू नका. आम्ही अंगठा घेतल्याशिवाय सिम देत नाही. खेड्यातल्या माणसाला मेसेजचा ओटीपीच समजतो. तो काढायला लावला तर उद्या फोन फुटल्यावर तो कुठं जाणार?

तेरणा · ९:०९
बॅकअप कोड, म्हणजे फोन गेला तर वापरायचे राखीव कोड, वहीत लिहून ठेवले तर कुठंच जावं लागत नाही. मी शिक्षिका आहे, माझ्या सासूबाईंनासुद्धा हे शिकवलंय.

दुधना · ९:१४
मूळ चूक म्हणजे एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी घ्यायच्या-विकायच्या कंपनीकडं, पैसे ठेवणं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजचं वॉलेट फोडलं, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. खातेदारांचे पासवर्ड कितीही पक्के असते तरी त्यात काय फरक पडला असता? मी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे नाण्यांची किल्ली स्वतःकडं ठेवायचं छोटं यंत्र, घेतलं. ते हरवलं तर नाणी परत मिळवायचे २४ शब्द दोन कागदांवर लिहिलेत, एक आमच्या कोठीत, दुसरा भावाकडं. तुम्हीही तेच करा.

तेरणा · ९:१८
त्यांना उद्या रुपये हवेत, दादा. आणि कागदाचं म्हणाल तर आमच्या घरी फेरफाराचे कागद वाळवीनं खाल्लेत, वर्षभर तहसीलच्या चकरा मारल्या. निदान स्टीलच्या डब्यात तरी ठेवा.

गंजगोलाई · ९:२१
पैसे काढताना १ टक्का टीडीएस कापतील, नफ्यावर ३० टक्के कर वेगळा. तेवढं धरून रक्कम काढा, नाहीतर फी भरताना कमी पडेल.

दुधना · ९:२४
काढताना नाही, नाणं विकताना कापतात. १ जुलै २०२२ पासून.

बिंदुसरा · ९:२६
जरा थांबा सगळे. मांजराकाठ, हा सहा आकडी कोड मेसेजमध्ये येतो का ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये दिसतो?

मांजराकाठ · ९:२९
अ‍ॅपमध्ये. बाजूला छोटं वर्तुळ कमी कमी होत जातं ते. आम्ही सगळे त्याला ओटीपीच म्हणतो.
ते जाऊ द्या, टेलिग्रामच्या ग्रुपवर विचारलं होतं तर एक्स्चेंजच्या सपोर्टचा माणूस स्वतःहून मेसेजवर आलाय. मराठीत बोलतो, लै समजून घेतो. हा कोड सुरू करताना जो क्यूआर आला होता त्याचा स्क्रीनशॉट आणि लांबून फोन चालवायच्या एनीडेस्कचा नंबर मागायलाय. गॅलरीत आहे तो फोटो. पाठवू का? पाच मिनिटांत करून देतो म्हणतो.

तेरणा · ९:३१
पाठवू नका!! आधी त्याला ब्लॉक करा. तो क्यूआर म्हणजेच किल्ली आहे. तो ज्याच्याकडं गेला त्याच्या फोनवर तुमचेच कोड दिसतील, अगदी त्याच सेकंदाला. माझ्या मावसभावाकडं असाच गोड बोलणारा एक आला होता. "दादा, स्क्रीनकडं बघत बसू नका, चहा घ्या" म्हणाला. चहा पिऊन होईतो नाणी दुसऱ्या पत्त्यावर. ती परत फिरवता येत नाहीत. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पण अजून एक रुपया आलेला नाही. मावशीनं तेव्हापासून सणाला नवं लुगडं घेतलेलं नाही. हात जोडते, पाठवू नका.

बिंदुसरा · ९:३८
पाठवलं नसेल तर एक सांगा. तुमच्या फोनमध्ये आत्ता किती वाजलेत? बघून अगदी तसंच लिहा.

मांजराकाठ · ९:४२
नाही पाठवलं. ब्लॉक केलं. ९:४९ झालेत. का?

बिंदुसरा · ९:४४
तुमच्या प्रतिसादावर वेळ ९:४२ ची आहे. फोन सात मिनिटं पुढं आहे. घड्याळ हातानं बदललंय का?

मांजराकाठ · ९:४६
हो, परवा केलंय. पहाटेची एसटी दोनदा चुकली म्हणून. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा दहा मिनिटं पुढंच असतं. पण त्याचा लॉगिनशी काय संबंध?

बिंदुसरा · ९:५३
सगळा संबंध त्याचाच. हा कोड कुणी पाठवत नाही. क्यूआरमधली गुप्त किल्ली आणि फोनमधली वेळ मिळून फोनच तो तयार करतो, इंटरनेट बंद असलं तरी. तिकडं सर्व्हरही तीच किल्ली आणि त्याची वेळ घेऊन कोड काढतो. दोन्ही जुळले की दार उघडतं. कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि सर्व्हर फार तर मागचा-पुढचा एखादा कोड चालवून घेतो. तुम्ही चौदा कोड पुढं होता. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ उघडा, वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा. फोन बंद-चालू करा. थांबायची मुदत संपली की वर्तुळ नुकतंच भरलेलं असताना नवा कोड टाका.

मांजराकाठ · १०:१२
उघडलं!! पहिल्या झटक्यात. शिल्लक जशीच्या तशी आहे. दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं. बिंदुसरा, तेरणाताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

तेरणा · १०:१५
बरं झालं. त्या माणसाला आणखी काय काय दिलंत?

मांजराकाठ · १०:१७
ईमेल आणि मोबाईल नंबर. दुसरं काही नाही.

तेरणा · १०:२१
मग ईमेलचा पासवर्ड आत्ता बदला, त्यालाही ऑथेंटिकेटर लावा. पासवर्ड विसरल्याचा मेल तिथंच येतो, म्हणून ईमेल आधी. क्यूआरचा फोटो गॅलरीतून, कचऱ्यातून आणि गुगल फोटोजमधूनही काढा. एक्स्चेंजचा ऑथेंटिकेटरही आत्ताच नव्यानं लावा.

बिंदुसरा · १०:२४
शेवटचं आत्ता नको. कोड नव्यानं लावला की बरीच एक्स्चेंज चोवीस तास पैसे काढू देत नाहीत. क्यूआर गेलेला नाही, तेव्हा आधी रुपये बँकेत मागवा, जमा झाले की मग नवा लावा. नाणी बाहेर पाठवायला ठरावीक पत्तेच चालतील अशी सोय असते, तीही चालू करा.

तेरणा · १०:२६
मला हा धोका पटत नाही, पण फीचं काम आहे म्हणून ठीक. जमा झाले की तासाभरात करा.

मांजराकाठ · दुसऱ्या दिवशी दुपारी १:०५
पैसे बँकेत आले, फी भरली, बहिणीनं पावती पाठवली. ऑथेंटिकेटर नव्यानं लावला. चोवीस तास काढता येणार नाही असा मेसेज आला. बॅकअप कोड वहीत लिहून आईच्या पेटीत ठेवलेत, शेताच्या कागदांसोबत. फोटो सगळीकडून काढला. एसटीसाठी घड्याळाला हात न लावता साडेचारचा गजर लावलाय.

सिमवाला_परभणी · १:३०
बिंदुसरा, मी हे दुकानात लिहून लावतो. माझ्याकडं गेल्याच महिन्यात एक पोरगा असाच आला होता, त्याला मी नवीन सिम काढून दिलं.

हिंगोलीकर · ४:१०
माझं पण लॉगिन होईना, पण घड्याळ बरोबर आहे. काय करू?

बिंदुसरा · ४:१८
नवा धागा काढा. फोन कोणता, कोड कुठं दिसतो आणि अडचण कधीपासून आहे ते लिहा. स्क्रीनशॉट टाकू नका.